पापशेष आणि शुद्धिस्थान

पेणहून रोज येजा करणाऱ्या एका विद्यार्थ्याने काही वर्षांमागे आम्हांस वर्गात एक प्रश्न विचारला, आणि त्याचे धड उत्तर आम्हांस तेव्हा देता आले नाही. आम्ही 'हॅम्लेट' शिकवीत होतो. मृत राजाचे पिशाच मध्यरात्री तटावर येते; आपण दिवसा अग्नीत उपोषित पडून असतो, जिवंतपणी घडलेली पापे जळून निघेपर्यंत आपली सुटका नाही, असे ते मुलाला सांगते. विद्यार्थी म्हणाला, "सर, राजा ख्रिस्ती. ख्रिस्ती माणसाची पापे तर ख्रिस्ताने आधीच फेडलेली असतात, असे आपण मागच्या वर्षी वाचले. मग हा कसला भोग भोगतो आहे? याला गती का नाही?" वर्ग हसला. पितृपंधरवडा नुकताच संपला होता, आणि 'गती' हा शब्द त्या मुलाच्या तोंडी आजीकडून आलेला होता, हे आमच्या ध्यानात आले. परंतु हसण्यासारखे त्यात काही नव्हते. त्याने ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातील एका फार जुन्या जखमेवर नेमके बोट ठेवले होते.

आम्हां इंग्रजी शिकलेल्या मराठी मंडळींस ख्रिस्ती धर्म म्हणून जो ठाऊक असतो, तो बहुशः प्रॉटेस्टंट पंथाचा. ह्याचे कारण उघड आहे. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, त्यांच्यामागून स्कॉटिश आले, आणि मराठी मनाशी ह्या धर्माचा जो वाद झाला तो ह्यांच्याच तोंडून झाला. १८३१ मध्ये जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांची मुंबईस जाहीर चर्चा झाली. पुढे १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी पाद्र्यांशी आठवडेच्या आठवडे वाद केला. हे विष्णुबावा कुलाबा जिल्ह्यातलेच, शिरवलीचे. ह्या वादांतून मराठी वाचकांसमोर ख्रिस्ती धर्माचे जे रूप ठसले, त्यात पापक्षमा ही एकदाची आणि पुरती गोष्ट होती. माणसाने विश्वास ठेवावा, देवाने क्षमा करावी, हिशेब मिटला. मेल्यावर स्वर्ग किंवा नरक. मधली वाट नाही.

भाषेनेही ह्या समजुतीला हातभार लावला. 'प्रायश्चित्त' हा आपला जुना शब्द. पाप करणाराने स्वतःच्या देहाने, उपासाने, दानाने करावयाची ती गोष्ट. मराठी बायबलात तो शब्द ख्रिस्ताने सर्वांसाठी केलेल्या बलिदानास लाविला गेला, आणि माणसाच्या वाट्याला उरला तो 'पश्चात्ताप'. म्हणजे करणे देवाकडे गेले, वाटणे माणसाकडे राहिले. युरोपात हीच वाटणी तीनशे वर्षे आधी झाली होती. लॅटिन बायबलातील एका शब्दप्रयोगाचा अर्थ शतकानुशतके 'प्रायश्चित्त करा' असा घेतला जाई. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'मन पालटा' असा आहे, हे १५१६ मध्ये इरॅस्मसने दाखविले, आणि पुढच्याच वर्षी लूथरने आपल्या पंचाण्णव कलमांचा आरंभ त्याच शब्दाच्या अर्थापासून केला.

परंतु विल्सनसाहेब मुंबईस उतरण्यापूर्वी तीनशे वर्षे दुसरा एक ख्रिस्ती धर्म ह्या किनाऱ्यावर येऊन राहिला होता, आणि तो रोह्यापासून फार दूर नव्हता. रोह्याच्या पायथ्याने वाहणारी कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथे उत्तरेस रेवदंडा आणि दक्षिणेस कोर्लई. १५२१ मध्ये निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे कोट बांधिला. १५७०–७१ चा मोठा वेढा त्यांनी सोसला. १५९४ मध्ये समोरच्या टेकडीवरील निजामशाही किल्ला घेतला आणि १७४० मध्ये सारे मराठ्यांच्या स्वाधीन केले. दोनशेहून अधिक वर्षांच्या ह्या मुक्कामात चौलच्या कोटात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा चारही संघांचे मठ उभे राहिले. आज माडांच्या वाडीत त्यांच्या भिंती आहेत. फ्रान्सिस्कनांच्या मंदिराचा जो उंच मनोरा उरला आहे त्यास लोक 'सातखणी' म्हणतात. ते मंदिर संत बार्बारा हिच्या नावचे. पापनिवेदन न होता, अंत्यसंस्कार न मिळता अकस्मात मृत्यू येऊ नये म्हणून जिला आळवावयाचे ती ही संत. तोफखान्याची ती रक्षक मानली जाते, हेही समजण्यासारखे आहे. हॅम्लेटच्या बापाची मुख्य तक्रार तरी दुसरी कोणती? आपणांस झोपेत, पापांच्या ऐन बहरात, हिशेब न देता मारले, हीच ना!

ह्याच कोटात 'मिझेरिकॉर्दिया' नावाचे दयामंडळ होते. १४९८ मध्ये लिस्बनला निघालेल्या ह्या संस्थेच्या शाखा पोर्तुगीज जेथे जेथे गेले तेथे तेथे निघाल्या. गरिबांस पुरणे, कैद्यांची विचारपूस करणे, फाशी जाणाऱ्याबरोबर चालणे ही त्यांची कामे. दयेची चौदा कृत्ये त्यांनी मानलेली होती, आणि त्यांपैकी शेवटचे कृत्य जिवंतांसाठी व मृतांसाठी प्रार्थना करणे हे होते. १७४० नंतर ज्यांना शक्य होते ते गोव्यास गेले. मागे राहिली ती गरीब, शेतमजुरी करणारी माणसे. ती कोर्लईच्या टेकडीखाली आजही राहतात आणि घरात पोर्तुगीजपासून झालेली एक वेगळीच बोली बोलतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर पुरा ग्रंथ लिहिला. त्यांचे मंदिर कार्मेल पर्वताच्या मातेचे आहे. ह्या मातेच्या भक्तांनी तपकिरी लोकरीचे दोन लहान तुकडे दोऱ्यात ओवून गळ्यात घालावयाचे असतात, आणि ते घालून मरणाऱ्यास ही माता शुद्धिस्थानातून लवकर, विशेषतः शनिवारी, सोडविते अशी जुनी श्रद्धा आहे. ज्या पोपच्या आज्ञापत्रावर ह्या शनिवाराचा आधार सांगत, ते १३२२ सालचे पत्र बनावट असल्याचे इतिहासकारांनी केव्हाच दाखविले आहे. श्रद्धा मात्र पत्राच्या आधीची असावी आणि पत्राच्या मागेही उरली.

आता हे शुद्धिस्थान म्हणजे काय? आमच्या विद्यार्थ्यास आम्ही तेव्हा जे सांगावयास हवे होते ते असे की, कॅथलिक पंथाने पापात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एक दोष, दुसरा दंड. पाप केल्याने देवाशी असलेले नाते तुटते, हा दोष. तो पश्चात्तापाने, पापनिवेदनाने व क्षमेने जातो, आणि मनुष्य नरकास मुकतो. परंतु पापाने जगात आणि करणाराच्या स्वभावात जी मोडतोड झाली ती क्षमेच्या शब्दाने सांधत नाही. ती ह्या जन्मी प्रायश्चित्ताने भरावयाची. राहिली तर मेल्यावर शुद्धिस्थानात. ह्यास जुने उदाहरण दाविदाचे देतात. त्याने दुसऱ्याची स्त्री घेतली, तिच्या नवऱ्यास युद्धात पुढे घालून मारविले. नाथान संदेष्ट्यापुढे तो रडला, आणि देवाने तुझे पाप दूर केले असे नाथानाने तेथल्या तेथे सांगितले. तरी मूल मेलेच.

ज्याने पेणच्या खारेपाटात एक वर्ष काढले आहे, त्यास ह्या सिद्धान्तासाठी लॅटिन शिकण्याचे कारण नाही. उधाणाच्या भरतीस बंधाऱ्याला खांड जाते, खाडीचे पाणी भातशेतात पसरते. सारा गाव मिळून ओहोटीच्या वेळात खांड बुजवितो. बांध धड झाला, समुद्र बाहेर राहिला, परंतु जमीन? तिच्या पोटात मीठ बसले. ते दोन-तीन पावसाळ्यांच्या गोड्या पाण्याने धुपून गेल्याखेरीज तेथे भात धरत नाही. शेतकरी त्या वर्षांत जमिनीवर रागावत नाही, आणि बांध बुजला तरी पीक का येत नाही असेही विचारीत नाही. कॅथलिक पंडितांनी 'पापशेष' म्हणून ज्याची चर्चा केली तो हा खार.

आमच्या शास्त्रकारांनाही हा खार दिसला होता. याज्ञवल्क्य म्हणतो की नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, जाणूनबुजून केलेल्याचे तसे नाही. तेथे प्रायश्चित्ताने मनुष्य फक्त व्यवहारास योग्य होतो. विज्ञानेश्वराने 'मिताक्षरे'त ह्याचा खल करताना पापाच्या दोन शक्ती सांगितल्या: एक नरकात नेणारी, दुसरी लोकांशी व्यवहार तोडणारी. महापातकात प्रायश्चित्ताने दुसरी जाते, पहिली राहू शकते. वाचकांच्या ध्यानात येईल की ही वाटणी कॅथलिक वाटणीच्या बरोबर उलटी आहे. तेथे क्षमेने नरक टळतो आणि इहलोकीची बाकी राहते. येथे इहलोकीची पंगत मिळते आणि परलोकीची बाकी राहते. साम्य दाखवून 'सर्व धर्म एकच' असे म्हणण्याची जी आपल्याकडे सवय आहे, तिला हा भेद अडचणीचा आहे. पण तो खरा आहे, म्हणून सांगितला पाहिजे.

साम्य जेथे आहे तेथे मात्र ते थक्क करणारे आहे. सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या मठवासीयांनी प्रायश्चित्तांच्या पोथ्या रचल्या. कोलुम्बानस आणि कुम्मियान यांच्या नावच्या पोथ्या उपलब्ध आहेत. अमुक पापास इतके दिवस भाकरी-पाण्यावर राहणे, तमुक पापास इतकी वर्षे. धर्माधिकाऱ्यास अधिक, सामान्यास कमी. ह्या पोथ्या वाचताना आपण कुणा निबंधकाराचे प्रायश्चित्तप्रकरण तर उघडले नाही ना, असे आम्हांस वाटले. तीन दिवस सकाळी, तीन दिवस रात्री, तीन दिवस न मागता मिळेल ते, तीन दिवस निराहार, असे बारा दिवसांचे प्राजापत्य कृच्छ्र. चंद्राच्या कलेबरोबर घास वाढविण्या-घटविण्याचे चांद्रायण. आणि पुढची पायरीही तीच. ज्यास उपास झेपत नाही त्याने त्याऐवजी आमच्याकडे एक गाय द्यावी, गाय नसल्यास तिचे मूल्य, अथवा दहा हजार गायत्रीजप; त्यांच्याकडे इतकी स्तोत्रे म्हणावी, इतका दानधर्म करावा. उपासाचे नाणे झाले की बाजार लांब नसतो. तिकडे पापदंडमाफीच्या पत्रांची विक्री झाली, लूथर उठला; १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेला शुद्धिस्थान आहे हे सांगताना त्याच श्वासात हलकट कमाई बंद करा असेही सांगावे लागले. आमच्याकडे लोकहितवादींनी भटभिक्षुकांच्या दक्षिणेवर जे कोरडे ओढले ते सर्वांस ठाऊक आहेत.

परंतु लाच खाणारा न्यायाधीश सापडला म्हणून न्याय ही कल्पनाच लबाडीची ठरत नाही. आम्ही विद्यार्थी असताना शुद्धिस्थान म्हणजे पाद्र्यांनी पैशासाठी काढलेली युक्ती, एवढेच शिकलो, आणि पुढे बरीच वर्षे तेवढेच शिकविले. फ्रेंच इतिहासकार ल गॉफ यांच्या १९८१ च्या ग्रंथात असे दाखविले आहे की 'शुद्धिस्थान' हे स्थळवाचक नाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. नाव उशिरा आले हे खरे. मृतांसाठी काही करावे ही ओढ मात्र त्याच्या कितीतरी आधीची.

त्या ओढीचा शास्त्राधार म्हणून कॅथलिक लोक जो उतारा पुढे करतात तो मुळात यहुदी आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात युद्धात पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडतात. त्यांच्या ह्या पापासाठी यहुदा मक्काबी वर्गणी गोळा करून जेरुसलेमला यज्ञासाठी धाडतो. गंमत अशी की यहुद्यांनी हे पुस्तक आपल्या धर्मग्रंथात घेतले नाही, प्रॉटेस्टंटांनी बाहेर काढले, कॅथलिकांनी ठेविले. गळ्यातील ताइताने पापी ठरलेल्यांची ही कथा गळ्यात लोकरीचे तुकडे घालणाऱ्यांनी जपली, हाही इतिहासाचा एक विनोद.

आणि यहुदी म्हणजे आम्हां कुलाबेकरांस कोणी परके नव्हेत. पेणकर आणि रोहेकर ही आडनावे बेने इस्रायलांत आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज येथे आले, अशी त्यांची परंपरा. गावोगाव तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून आपण त्यांस 'शनवार तेली' म्हटले. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलात गेली, तरी ह्या दोन्ही गावांतील जुन्या माणसांस त्यांचे सण अजून आठवतात. त्यांचा पापक्षालनाचा मोठा दिवस पुष्कळ वर्षी आपल्या दसऱ्याच्या सुमारास येतो. बाहेरच्या यहुदी जगाशी संबंध तुटलेल्या काळात ते त्यास 'दारफाळणीचा सण' म्हणत: दारे लावून घ्यावयाची, उपास करावयाचा, परक्याचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी. सणाच्या आधी घरी आलेले पूर्वजांचे आत्मे शिळ्या सणाला परत जातात, अशी समजूत त्यांच्यात होती. हाइम सॅम्युअल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला आपल्या समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. हे चालीरीतींचे धन पुष्कळसे त्यात जतन झाले आहे. यहुदी धर्मशास्त्राचे दोन नियम येथे नोंदण्यासारखे आहेत. क्षालनाच्या दिवसाने देवाविरुद्धचे पाप जाते, परंतु शेजाऱ्याविरुद्ध केलेले पाप शेजाऱ्याची समजूत काढल्यावाचून जात नाही. आणि दुष्टांचा परलोकीचा भोग बारा महिन्यांचा. म्हणून मुलगा बापासाठी अकरा महिनेच प्रार्थना म्हणतो. बारावा महिना म्हटला तर बाप दुष्ट होता असे कबूल केल्यासारखे होईल! मुलाच्या मनाची ही नाजूक गणिते पाहिली की धर्मशास्त्र कोरडे असते असे म्हणवत नाही.

प्रश्न असा उरतो, की बापाचे पाप बापाचे, तर मुलाच्या प्रार्थनेने, पिंडाने, उपासनेने ते कमी कसे व्हावे? महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) स्पष्ट म्हटले आहे की कर्म आणि पुनर्जन्म हा सिद्धान्त एकीकडे व श्राद्ध दुसरीकडे, ह्यांचा मेळ घालणे कठीण. तर्काने पाहता प्रॉटेस्टंटांनी केले ते सरळ होते. १५४७ मध्ये इंग्लंडात मृतांसाठी उपासना चालविणारी सर्व देवस्थाने सरकारजमा झाली. गाठ सुटली नाही, कापली गेली. मात्र त्या दिवसापासून इंग्रज मुलाला मेलेल्या बापासाठी करण्याजोगे काही उरले नाही.

हेच आमच्याकडे एकोणिसाव्या शतकात वेगळ्या रीतीने घडले. मुलगा ख्रिस्ती झाला की आईबाप ऊर बडवीत, ते केवळ जात गेली म्हणून नव्हे. आपणांस पाणी कोण देणार म्हणून. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे राहिलेला, अजून अल्पवयी. न्यायालयाने तो बापाच्या ताब्यात दिला. त्याने मिशनऱ्यांकडे अन्न घेतलेले होते; आता प्रायश्चित्ताने तो शुद्ध होतो की नाही? बाळशास्त्री जांभेकर होतो म्हणून उभे राहिले. मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. एका पोराच्या पानाला पाट मिळावा की नाही ह्यावर विद्वानांनी ग्रंथ धुंडाळले. विज्ञानेश्वराची ती वाटणी, व्यवहाराचे पाप निराळे आणि परलोकीचे निराळे, येथे केवढी उपयोगाची होती! तिचा आधार घेतला की परलोकीचा निकाल देवावर सोपवून मुलास घरात घेता येते. कट्टरांस मात्र पापशेष पंक्तीतच दिसत होता. आमच्या मते ज्यांनी आपल्याच शास्त्रातील उदार वाक्य लपविले त्यांनी शास्त्राचे रक्षण केले नाही.

संत ऑगस्टीनची आई मोनिका परदेशी बंदरात मरणास टेकली, तेव्हा देह कोठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, पण देवाच्या वेदीपाशी माझे स्मरण ठेवा, एवढेच तिने मागितले. हा चौथ्या शतकाचा शेवट. तेव्हा माफीपत्रे नव्हती, शुद्धिस्थान हा शब्द नव्हता. मुलगा जगातील मोठ्या तत्त्ववेत्त्यांपैकी एक. त्याने आपल्या ग्रंथात तिच्या पापांसाठी प्रार्थना केली आणि वाचकांसही करावयास सांगितले. आम्ही स्वतः श्राद्धाच्या बाबतीत आगरकरांच्या बाजूचे. तरी वडील गेल्यानंतर पहिल्या भाद्रपदात कावळा शिवेपर्यंत गच्चीवर उभे राहिलो होतो, आणि तो लवकर शिवला तेव्हा हलके वाटले. हे तर्काने समर्थन करण्यासाठी सांगत नाही.

आगरकरांचे नाव निघाले म्हणून सांगतो: 'हॅम्लेट' मराठीत 'विकारविलसित' ह्या नावाने १८८३ मध्ये त्यांनीच आणले. नाटक रचले गेले ते सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, शुद्धिस्थान कायद्याने रद्द झालेल्या इंग्लंडात. बाप शुद्धिस्थानातून येतो, आणि मुलगा शिकून आलेला असतो विटेनबर्गहून, म्हणजे लूथरच्या विद्यापीठातून. बापाची भाषा मुलाला शिकविलेलीच नाही! आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे एवढे उत्तर आम्ही पुढच्या आठवड्यात जमवून वर्गात दिले. त्याने ते मुकाट्याने लिहून घेतले, आणि मग विचारले, "मग त्या राजासाठी कोणी काही केले का, सर?"

आम्ही नाटक पुन्हा चाळले. पिशाच सूड मागते, आपली आठवण ठेव म्हणते. प्रार्थना मागत नाही, आणि त्याच्यासाठी ती कोणी करीतही नाही. मेलेल्यांसाठी साऱ्या नाटकात एकच जण ठसठशीत प्रार्थना करते. वेड लागलेली ऑफेलिया गाणी म्हणता म्हणता आपल्या बापाच्या आणि सर्व ख्रिस्ती जिवांच्या आत्म्यांवर दया मागते. ती बुडून मरते तेव्हा तिच्या थडग्याशी भाऊ पुन्हापुन्हा विचारतो, आणखी काही विधी नाही का? पाद्री म्हणतो, नाही. इतके वाचून होते तोच तास संपला, आणि पेणच्या मुलांची गाडीची वेळ झाली होती.